गृहभेटीची तयारी : ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाच्या घरी पहिल्यांदा जाताना

प्रश्न – शिक्षक, धारूर तालुका (बीड)

नमस्कार. धारूर तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेवर मी सहावी-सातवीला शिकवतो. ही माझी पहिलीच नेमणूक आहे आणि मी मूळचा लातूर जिल्ह्यातला असल्यामुळे बालाघाटच्या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांची मला अजून पुरती ओळख झालेली नाही. माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगी आहे. तिचे गणित चांगले आहे, अक्षर नेटके आहे, आणि तरीही जुलैपासून ती आठवड्यातून जेमतेम दोन-तीन दिवस शाळेत येते. तिचा धाकटा भाऊ दुसरीत आहे आणि त्याच्याहून लहान एक बहीण घरी असते. आई-वडील दरवर्षी कारखान्यावर जातात, तेव्हा मुले गावी आजीजवळ राहतात. यंदा मात्र आजीला दिसायला कमी झाले आहे, त्यामुळे थोरलीला स्वयंपाकासाठी आणि लहानगीला सांभाळण्यासाठी सोबत नेणार आहेत, असे वर्गातल्या मुलींकडून कानावर आले.

पोळा होण्याआधी त्यांच्या घरी जाऊन यावे असे मी ठरवले आहे. आधी मुख्याध्यापकांच्या सहीने गैरहजेरीची नोटीस पाठवावी आणि मग भेटीला जावे, असे काही सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. मला त्या कुटुंबाला कुठल्याही प्रकारे दोषी ठरवायचे नाही, आणि माझ्या जाण्याने मुलीच्याच वाट्याला बोलणी येऊ नयेत याचीही काळजी वाटते. कोणत्या वेळी जावे, सोबत कोणाला न्यावे, काय घेऊन जावे, पहिला विषय कोणता काढावा आणि तिथे बसून काही लिहून घ्यावे की नाही, याबद्दल अनुभवी शिक्षकांनी आणि शक्य असल्यास पालकांनीही मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर – निवृत्त मुख्याध्यापक, परभणी

सर, नोटीस अजिबात पाठवू नका. शिक्का मारलेल्या कागदाने त्या घरात आजवर चांगली बातमी आणलेली नसते, आणि तुमचा कागद त्याच रांगेत जाऊन बसेल. निरोप मुलीच्या हातीही देऊ नये, कारण घरी पोहोचेपर्यंत "गुरुजी घरी येणार, म्हणजे माझंच काहीतरी चुकलं" असे तिच्या मनाने घेतलेले असते आणि घरचेही पहिला जाब तिलाच विचारतात. सरळ आईला फोन करावा आणि पहिल्याच वाक्यात सांगून टाकावे की तक्रार काही नाही, तुमची लेक गणितात हुशार आहे, तिच्याविषयी बोलायला यायचे आहे, तुम्ही दोघे घरी कधी असता. वेळ त्यांना ठरवू द्यावी.

वेळेबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. पोळ्याच्या आसपास मूग-उडदाची काढणी आणि कापसातली खुरपणी एकाच वेळी चालू असते. बाया सकाळी भाकरी बांधून जातात त्या दिवस मावळतानाच परततात. शाळेच्या वेळेत गेलात तर घरी फक्त आजी आणि लहानगी भेटतील. बऱ्याच गावांत आठवडी बाजाराच्या दिवशी मजुरीला सुट्टी असते, त्या दिवशी सकाळी, बाजाराला निघण्याआधी, दोघेही घरी सापडतात. एकटे वडील भेटले तर भेट अर्धीच झाली असे समजावे, कारण लहान लेकराला दिवसभर कोण बघते, चूल कोण पेटवते आणि पाणी कोण भरते, हे आईलाच ठाऊक असते. तुमच्या विद्यार्थिनीची गैरहजेरी या तीन कामांपैकीच एखाद्यात दडलेली असण्याची शक्यता मोठी आहे.

खरी तयारी मात्र शाळेतच करायची असते. सातवीचा आणि दुसरीचा हजेरीपट शेजारी शेजारी ठेवा आणि जुलैपासूनचा एकेक दिवस बोट ठेवून पाहा. ज्या दिवशी ती गैरहजर आहे त्या दिवशी भाऊ शाळेत आहे का? असेल तर घरात आजारपण किंवा गावाला जाणे हे कारण नाही, तिला लहानगीसाठी मागे ठेवले जाते. दोघेही एकदमच गैरहजर असतील तर गोष्ट वेगळी. गैरहजेरी ठरावीक वारीच पडत असेल तर गावात त्या वारी काय असते, हे शिपाईमामांना किंवा पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना विचारा. हा हजेरीपट घरी न्यायचा नाही आणि पालकांसमोर उघडायचा तर मुळीच नाही. प्रश्न कोणते विचारायचे हे तुम्हाला उमगावे एवढ्यासाठीच तो बघायचा.

त्यात लहानगीचेच कारण निघाले तर भेटीआधी अंगणवाडी सेविकेशी बोलून घ्या. अंगणवाडीत मूल तीन वर्षे पूर्ण झाल्यावर बसते. लहानगीचे वय भरत असेल आणि तिचे नाव घातलेले नसेल, तर थोरलीच्या शाळेचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. वय भरत नसेल तर तसे आश्वासन देऊ नका.

घेऊन जायचे ते एवढेच : तिची गणिताची वही. सातवीला सरळव्याज आहे. तिने सोडवलेले एखादे उदाहरण, ज्यात मुद्दल, दर आणि मुदत अशा तीन ओळी स्वच्छ मांडून खाली व्याज काढलेले आहे, ते पान उघडून वडिलांच्या हातात द्या आणि तिलाच समजावून सांगायला सांगा. मुकादमाकडून, म्हणजे तोडणी मजुरांची टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (मजुरीपोटी आगाऊ रक्कम) घेणाऱ्या माणसाला ते पान काय सांगते, हे तुम्हाला वेगळे बोलून दाखवावे लागणार नाही. "अप्रगत", "शाळाबाह्य", "सतत गैरहजर" हे शब्द आपल्या तक्त्यांतले आहेत, ते त्या अंगणात उच्चारू नयेत.

तिथे बसून काही लिहू नका. वही-पेन बाहेर काढले की माणसे तोलून-मापून बोलू लागतात. मुख्याध्यापकांना सांगून आणि हालचाल नोंदवहीत नोंद करून जा, आणि परत आल्यावर त्याच दिवशी मुद्दे लिहून ठेवा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २४ नुसार पालकांना नियमित भेटून मुलाची उपस्थिती आणि प्रगती सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे, त्यामुळे आपण कुणावर उपकार करायला चाललो आहोत अशी भावनाही नको आणि अधिकार गाजवायला चाललो आहोत अशीही नको.

उत्तर – शिक्षिका, मुखेड तालुका (नांदेड)

वरील सरांनी वेळेचे आणि हजेरीपटाचे जे सांगितले आहे ते अगदी बरोबर आहे. सोबत कोणाला न्यावे याबद्दल मी सांगते. तुम्ही पुरुष शिक्षक आहात, मुलगी सातवीत आहे आणि वस्ती लहान आहे, तेव्हा एकटे जाऊ नये. शाळेत शिक्षिका असतील तर त्यांना न्यावे, नसतील तर अंगणवाडीताई किंवा आशाताई. सरपंच, पोलीस पाटील किंवा मुकादमाच्या नात्यातला माणूस सोबत असेल तर त्या कुटुंबाला मोकळेपणाने एक शब्दही बोलता येणार नाही. वाट दाखवायला वर्गातली मुलेही घेऊ नका. ती उत्साहाने येतील, पण दाराशी घोळका जमेल आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या वस्तीत चर्चा होईल.

घराच्या आत शिरण्याची घाई नसावी. ते जिथे बसवतील तिथे बसावे, मग ती ओसरी असो, अंगणातली बाज असो की झाडाखाली टाकलेली सतरंजी असो. पाणी पुढे केले तर प्यावे आणि चहा ठेवला तर घ्यावा. हे मी आग्रहाने सांगते, कारण आपल्याकडे पाण्याला नको म्हणण्याचा अर्थ फार जुना आहे. मातंग वस्तीत, बौद्ध वस्तीत, वडारवाड्यात किंवा तांड्यावर जाऊन "नको नको, आताच घेऊन आलो" असे तुम्ही कितीही साधेपणाने म्हणालात, तरी समोरच्याच्या मनात त्याचे कारण वेगळेच उमटू शकते, आणि तिथून पुढे तुम्ही मुलीच्या भल्याचे कितीही बोललात तरी ते त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. पोट बिघडण्याची भीती असेल तर चहा मागून घ्या, तो उकळलेला असतो. जेवायला थांबवतील, तेव्हा मात्र अवेळ झाली असे प्रेमाने सांगून निघावे, कारण त्या घरी एका पाहुण्याचे जेवण म्हणजे कधी कधी उद्याच्या पिठाला हात घालणे असते.

घर तांड्यावर असेल तर आजी गोरमाटीतच, म्हणजे बंजारा बोलीतच, बोलण्याची शक्यता आहे. विचारपूस करण्यापुरती दोन वाक्ये आधी वर्गातल्या मुलांकडून शिकून घ्यावीत. उच्चार चुकला तरी चालतो, आजी हसून दुरुस्त करते आणि बोलणे सुरू होते.

भेटीचा फोटो काढू नका. अलीकडे प्रत्येक कामाचा फोटो गटावर टाकावा लागतो आणि कुणी मागितला म्हणून तो टाकलाही जातो, पण पत्र्याच्या घरापुढे आजीला, लेकरांना आणि गुरुजींना ओळीने उभे करून काढलेला फोटो पालकांच्या मोबाइलवर फिरून परत येतो, तेव्हा त्या मुलीला वर्गात तोंड दाखवणे जड जाते. नोंद म्हणून हालचाल नोंदवही पुरेशी आहे.

आणखी एक सुचवते. आजीला कमी दिसते, असे तुम्ही लिहिले आहे. तो मोतीबिंदू आहे का, एवढे आशाताईंना बघायला सांगा. असेल तर सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया मोफत होते आणि शिबिराची तारीख आशाताईंना कळते. सप्टेंबरात शस्त्रक्रिया झाली तर कारखाने सुरू होईपर्यंत आजीच्या डोळ्यांना आराम पडलेला असेल. मुलगी शाळेतून निघते आहे याचे मूळ कारण आजीची नजर हेच असेल, तर तुमच्या भेटीतला सर्वांत उपयोगाचा विषय शाळा नसून आजीचे डोळे हा ठरेल.

उत्तर – पालक व शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, केज तालुका (बीड)

नमस्कार सर. मी पालक म्हणून लिहिते आहे. लग्नानंतर मी आणि माझे मालक कित्येक हंगाम ऊसतोडीला गेलो, आता गावातच राहतो. आपल्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि उचल त्या कोयत्यावर मिळते. ती पावसाळ्यातच घेतलेली असते आणि दवाखाना, लग्न, घराचे पत्रे किंवा मागचे देणे यात खर्चही झालेली असते. म्हणून तुम्ही जेव्हा "यंदा जाऊ नका" असे म्हणाल, तेव्हा ते ऐकून घेतील, मान डोलावतील आणि मनात म्हणतील की गुरुजींना यातले काही माहीत नाही. जाणे न जाणे त्यांच्या हातात राहिलेले नसते. त्यांच्या हातात एवढेच असते की लेकरांपैकी कोणाला न्यायचे आणि कोणाला ठेवायचे. तुमचे बोलणे तेवढ्यावरच असावे.

थोरल्या मुलीला का नेतात, हेही सांगते. उसाच्या फडात पहाटे अंधारात जावे लागते, आणि कोपीवर (मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत) लहान लेकरू एकटे ठेवता येत नाही. थोरली असली की ती भाकरी करते, लेकरू बघते, पाणी भरते, आणि आईला कोयता चालवता येतो. हे एक कारण झाले, ते सगळे सांगतात. दुसरे कारण कोणी परक्यासमोर बोलत नाही. तेरा वर्षांची मुलगी सहा महिने म्हाताऱ्या माणसाच्या भरवशावर गावात ठेवायची, आणि काही बरेवाईट झाले तर आपण दोनशे किलोमीटर लांब, ही भीती आईला झोपू देत नाही. तुम्ही शिक्षणाचे महत्त्व सांगू नका. अंगठा करणाऱ्या बाईइतके ते कोणालाच कळलेले नसते. तुम्ही असे विचारा, "ताई, ती इथे राहिली तर तुम्हाला कशाची काळजी वाटते?" आणि मग गप्प बसा. सोबतच्या ताईंनी हा प्रश्न आईला बाजूला घेऊन विचारला तर अधिक चांगले, कारण सासू आणि नवऱ्यासमोर ती उत्तर देणार नाही.

रात्री ती कोणाजवळ झोपेल, शाळेतून परत कोणाबरोबर येईल, आजारी पडली तर कोण दवाखान्यात नेईल, आणि आमच्याशी बोलायचे तर कोणाचा फोन, या चार गोष्टींची उत्तरे आईला मिळाली पाहिजेत. त्यांतले एक तरी उत्तर तुम्ही सोबत घेऊन जा. आमच्या गावच्या एका बाईंनी दर रविवारी संध्याकाळी स्वतःच्या फोनवरून मुलींचे आई-वडिलांशी बोलणे करून द्यायला सुरुवात केली. तेवढ्यावर आमच्या वस्तीतल्या दोन मुली गावी राहिल्या. पण असे कबूल केले तर हंगाम संपेपर्यंत पाळावे लागते, ते आधी मनाशी ठरवा.

सर, एक कळकळीची विनंती आहे. मुलीला समोर बसवून "तुला शाळेत यायचंय ना? सांग बरं आईला" असे म्हणू नका. ती हो म्हणाली तर आई-बापांच्या विरुद्ध बोलल्यासारखे होते, आणि गप्प राहिली तर तुम्हाला वाटते तिलाच नको आहे. तुम्ही निघून जाता, तिला त्याच घरात राहायचे असते.

प्रश्नकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. दोन्ही हजेरीपट आज ताडून पाहिले. मुलगी गैरहजर असलेल्या जवळपास प्रत्येक दिवशी भाऊ हजर आहे. लहानगीला अजून तीन वर्षे पूर्ण झालेली नाहीत, ती दिवाळीनंतर होतील, असे अंगणवाडीताईंनी सांगितले. आशाताई भेटीला सोबत येणार आहेत आणि आजीच्या डोळ्यांचे त्याच बघतील.

आणखी दोन शंका आहेत. त्यांनी मुलीला न्यायचे पक्केच केले असेल तर मी कोणता पर्याय पुढे ठेवू शकतो? आणि पुढच्या उन्हाळ्यात तिचे लग्न उरकण्याचा विचार घरात असल्याचे एका मुलीने दबक्या आवाजात सांगितले. तो विषय या भेटीत काढावा का?

उत्तर – पदवीधर शिक्षक, पाटोदा तालुका (बीड)

पहिल्या शंकेबद्दल आधी सांगतो. गावात हंगामी वसतिगृह सुरू होऊ शकते का, हे भेटीला जाण्यापूर्वी मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुखांकडून पक्के करून घ्या. स्थलांतरित पालकांच्या मुलांसाठी हंगामाच्या काळात जेवणाची आणि राहण्याची सोय त्यातून होते, प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने वर जातो आणि त्यासाठी मुलांची यादी वेळेत तयार असावी लागते. दसऱ्यानंतर धावाधाव करून उपयोग होत नाही, टोळ्या तोवर निघू लागलेल्या असतात. मंजुरी मिळालेली नसेल तर "वसतिगृह होणार आहे" असे पालकांना सांगू नका, "प्रस्ताव पाठवला आहे, अमुक दिवशी मी येऊन सांगतो" असे म्हणा. काही तालुक्यांत मुलींसाठी कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये आहेत आणि ती निवासी आहेत. तुमच्या जवळ असेल तर तिथे जागा आहे का, हेही विचारून ठेवा. मात्र अशा आईला मुलगी लांब ठेवण्यापेक्षा आजीच्या घरी झोपवून वसतिगृहात जेवू घालणे अधिक पटते, असा माझा अनुभव आहे.

तरीही ते तिला घेऊन गेलेच, तर तिची शाळा तुटू देऊ नये. स्थलांतरित मुलांना शिक्षण हमी कार्ड देतात, ते भरून द्या. त्यात ती कोणत्या वर्गात आहे आणि तिला काय काय येते याची नोंद असते, आणि कारखान्याजवळच्या शाळेत तिला त्या आधारे बसवून घेता येते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दाखला उशिरा आला किंवा आला नाही या कारणावरून तिला प्रवेश नाकारता येत नाही. ही गोष्ट वडिलांना साध्या शब्दांत सांगावी आणि कार्डावर तुमचा फोन नंबर लिहावा, म्हणजे तिथल्या शिक्षकांना तुमच्याशी बोलता येईल. टोळी कोणत्या कारखान्यावर आणि त्याच्या कोणत्या गटाला (ऊसतोडीच्या विभागाला) जाणार आहे, हे वडिलांना विचारून घ्या. नेमके ठिकाण त्यांना बहुधा निघताना कळते, म्हणून निघण्याच्या दिवशी फोन करायला सांगा. फोन नाही आला तर तुम्ही करा. गणिताची आणि भाषेची पुस्तके तिच्या गाठोड्यात गेली पाहिजेत, ती शाळेत जमा करून घेऊ नका.

लग्नाचा विषय या भेटीत काढू नका. मुलींनी विश्वासाने सांगितलेली गोष्ट तुमच्या तोंडून बाहेर पडली, तर कोणी सांगितली याचा शोध लागतो आणि पुन्हा कोणतीही मुलगी तुम्हाला काही सांगायला येत नाही. पण म्हणून ती गोष्ट सोडूनही द्यायची नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत बीड आणि परभणी जिल्ह्यांत वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले, तेव्हा आपल्या भागात अशी कुजबुज बहुतेक वेळा खरी असते. या भेटीत तुम्ही फक्त आठवीचे बोला. तुमची शाळा सातवीपर्यंतच असेल, तर आठवीला ती कोणत्या गावी जाईल, एसटी किती वाजता आहे, सोबत कोण कोण मुली आहेत आणि मुलींचा एसटी पास मोफत असतो, हे सगळे नीट मांडा. ज्या घरात पुढच्या जूनचे काही ठरलेले असते, तिथे मे महिन्यातले लग्न पुढे ढकलण्याचा विचार निदान बोलला तरी जातो. सातवीनंतर पुढे काहीच ठरलेले नाही, हीच बहुतेक घरांत लग्नाची खरी सुरुवात असते, असे मला इतक्या वर्षांत दिसले आहे.

पुढे लग्न ठरल्याची पक्की खबर आली, तर एकट्याने त्या घरी जाऊन वाद घालू नका. ग्रामीण भागात ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. मुख्याध्यापकांच्या कानावर घालून त्यांना कळवा, आणि तिथे दिरंगाई दिसली तर १०९८ या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर फोन करा. कळवणाऱ्याचे नाव त्या घरी सांगितले जाऊ नये, असे तुम्ही स्पष्टपणे सांगू शकता.

या भेटीतून उठताना पुढच्या भेटीचा दिवस ठरवून उठा. आजीच्या शिबिराच्या तारखेचे निमित्त आयतेच आहे. बाजाराच्या दिवशी पहिली भेट होत असेल तर दुसरी पोळा झाल्यावर, मुकादम टोळीची यादी पक्की करण्याच्या आत व्हायला हवी.